विश्लेषण : टेनिस स्टेडियमला ज्यांचे नाव, ते रोलँड गॅरोस कोण? त्यांचे विमान शत्रूच्या हाती लागले आणि हवाई युद्ध कसे बदलले?

दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस पॅरिसच्या लाल मातीवर फ्रेंच ओपन सुरू झाली की टीव्हीच्या पडद्यावर ‘रोलँड गॅरोस’ हे नाव सतत झळकते. हे एखाद्या टेनिसपटूचे नाव असावे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात गॅरोस वैमानिक होते. एप्रिल १९१५ मध्ये त्यांचे विमान जर्मनांच्या हाती पडले आणि त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत पहिल्या महायुद्धातील हवाई लढाईचे पारडे फिरले. ज्या युक्तीने गॅरोस यांनी शत्रूची विमाने पाडली, तिच्याच सुधारित रूपाने पुढे त्यांच्या सहकाऱ्यांचे प्राण घेतले.

रोलँड गॅरोस कोण होते?

गॅरोस यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८८८ रोजी हिंदी महासागरातील रियुनियन या फ्रेंच बेटावर झाला. वडील वकील होते. त्यांच्या कामानिमित्त कुटुंब सायगावला, म्हणजे आजच्या व्हिएतनाममध्ये गेले. पुढे शिक्षणासाठी मुलाला फ्रान्सला पाठवण्यात आले. तेथे न्यूमोनियाने गाठल्यावर दक्षिणेकडील उबदार हवेत त्यांना ठेवावे लागले. प्रकृती सुधारण्यासाठी त्यांनी सायकल हाती घेतली आणि १९०६ मध्ये फ्रान्सची आंतरशालेय सायकल स्पर्धा जिंकली. पॅरिसमधील नामवंत वाणिज्य संस्थेतून शिक्षण पूर्ण करून त्यांनी मोटारींच्या विक्रीचा व्यवसाय थाटला. तेव्हा ते जेमतेम एकवीस वर्षांचे होते.

ते विमानाकडे कसे वळले?

ऑगस्ट १९०९ मध्ये फ्रान्समधील रेंस येथे विमानांचा मोठा मेळा भरला होता. तो पाहिल्यावर गॅरोस यांचे मन मोटारींत रमेना. त्यांनी ‘द्म्वाझेल’ हे छोटे, हलके विमान विकत घेतले आणि १९१० मध्ये वैमानिकाचा परवाना मिळवला. उड्डाणाची प्रात्यक्षिके दाखवत ते अमेरिका, मेक्सिको आणि क्यूबा फिरले. १९११ आणि १९१२ मध्ये त्यांनी उंचीचे जागतिक विक्रम केले. २३ सप्टेंबर १९१३ रोजी मात्र त्यांचे नाव युरोपभर घरोघरी पोहोचले. दक्षिण फ्रान्समधून निघून कुठेही न थांबता ते ट्युनिशियात उतरले. भूमध्य समुद्र विमानाने विनाथांबा ओलांडणारे ते पहिले वैमानिक ठरले. खाली पाणी, पुढे एकच इंजिन आणि मोजके इंधन अशा अवस्थेत त्यांनी सुमारे आठ तास काढले. उतरले तेव्हा टाकीत जेमतेम काही लिटर इंधन शिल्लक होते.

युद्धात त्यांच्यापुढे अडचण काय होती?

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्धाला तोंड फुटले आणि गॅरोस स्वेच्छेने सैन्यात दाखल झाले. त्या वेळी विमानांचे मुख्य काम टेहळणीचे होते. शत्रूचे विमान समोर आले, तर वैमानिक पिस्तूल किंवा रायफल झाडत. धावत्या विमानातून दुसऱ्या धावत्या विमानावर असा नेम लागणे जवळपास अशक्यच होते. पुढच्या बाजूला मशीनगन बसवून विमानाचे नाकच लक्ष्याकडे वळवायचे, हा सोपा मार्ग होता. पण नाकावर प्रॉपेलर फिरत असे. त्यातून गोळ्या झाडल्या की लाकडी पाती फुटणार आणि वैमानिक स्वतःचेच विमान पाडणार.

उपाय कागदावर होता. पाते बंदुकीसमोर येताच गोळीबार क्षणभर थांबवणारी यंत्रणा हवी होती. जर्मनीत काम करणारे अभियंते फ्रान्झ श्नायडर यांनी १९१३ मध्येच त्याचे पेटंट घेतले होते. फ्रान्समध्ये विमाननिर्माते रेमंड सोल्निए यांनीही प्रयोग केले. मात्र काही काडतुसे क्षणभर उशिरा उडत आणि सगळे गणित बिघडत असे.

पोलादी पाचरींची युक्ती काय होती?

सोल्निए आणि गॅरोस यांनी मग आडवळणाचा मार्ग धरला. प्रॉपेलरच्या पात्यांवर, बंदुकीच्या नेमक्या रेषेत, पोलादी पाचरी बसवायच्या. बहुतेक गोळ्या पात्यांमधून निघून जातील आणि ज्या थोड्या पात्याला लागतील, त्या पाचरीवर आपटून बाजूला उडतील. गॅरोस यांच्या मेकॅनिकने पाचरींचा आकार आणि पाती सुधारली. उपाय ओबडधोबड होता. प्रत्येक आघाताने प्रॉपेलरला हादरा बसे आणि त्याची झळ इंजिनाला पोहोचे. तरीही तो चालला.

१ एप्रिल १९१५ रोजी गॅरोस यांनी मोरान-सोल्निए विमानातून पहिले जर्मन विमान पाडले. समोरून येणाऱ्या विमानाच्या प्रॉपेलरमधून गोळ्या येतील, अशी कल्पनाही त्या जर्मन वैमानिकांना नव्हती. १८ एप्रिलपर्यंत गॅरोस यांच्या खात्यावर तीन विमाने जमा झाली.

१८ एप्रिल १९१५ रोजी काय घडले?

त्याच दिवशी जर्मनव्याप्त बेल्जियममध्ये कोर्त्राय शहराजवळ त्यांच्या विमानाचे इंजिन बंद पडले आणि त्यांना शत्रूच्या प्रदेशात उतरावे लागले. अशा वेळी वैमानिकाचे पहिले कर्तव्य ठरलेले होते, विमान जाळून टाकणे. लाकूड, कापड आणि पेट्रोल असल्याने ते सहज पेट घेई. गॅरोस यांनी आग लावली, पण ती पुरी पसरण्याआधीच जर्मन सैनिक पोहोचले. गॅरोस पकडले गेले. विमानाचा बराच भाग जळाला, पण नेमके जे नष्ट व्हायला हवे होते ते वाचले : मशीनगन आणि पाचरी बसवलेला प्रॉपेलर.

जर्मनांनी त्यातून काय साधले?

सापडलेली सामग्री तपासून जर्मनांनी आधी तशाच पाचरी बनवून पाहिल्या. त्या टिकल्या नाहीत. फ्रेंच गोळ्यांचे आवरण तुलनेने मऊ होते, तर जर्मन गोळ्यांचे आवरण पोलादी होते. त्यामुळे पाचरीच फुटू लागल्या. मग काम जर्मनीतील श्वेरिन येथे कारखाना असलेले डच विमाननिर्माते अँथनी फोकर यांच्याकडे आले. त्यांच्या अभियंत्यांनी पाचरींचा नाद सोडला आणि इंजिनाच्या फिरण्याशी बंदुकीचा घोडा जोडणारी यंत्रणा चालती केली. पाते समोर असताना बंदूक गप्प राही आणि पाते सरकले की गोळी सुटे.

फोकर यांनी हा शोध अवघ्या दोन दिवसांत लावला, ही गोष्ट पुढे फार रंगवून सांगितली गेली. वस्तुस्थिती अशी की ही कल्पना आधीपासून कागदावर होती आणि फोकर यांचे लोकही त्या दिशेने विचार करत होते. गॅरोस यांच्या विमानाने जर्मनांना आराखडा दिला नाही. घाई करण्याचे कारण दिले. पुढून गोळीबार करणारे विमान किती घातक ठरते, याचा पुरावाच त्यांच्या हातात आला होता. जे काम एरवी फायलींत पडून राहिले असते, ते काही आठवड्यांत आघाडीवर पोहोचले.

‘फोकरचा कहर’ म्हणजे काय?

१ जुलै १९१५ रोजी जर्मन वैमानिक कुर्ट विंटगेन्स यांनी नव्या फोकर एकपंखी विमानातून एका फ्रेंच विमानावर मात केली. ते विमान मोरान-सोल्निए बनावटीचेच होते. पुढे मॅक्स इमेलमन आणि ओस्वाल्ड बोल्के ही नावे दोस्तांच्या वैमानिकांना धडकी भरवू लागली. ब्रिटिशांची संथ टेहळणी विमाने या हल्ल्यांना सहज बळी पडत. जानेवारी १९१६ मध्ये ब्रिटिश हवाई दलाला आदेश काढावा लागला की टेहळणीच्या एका विमानासोबत किमान तीन लढाऊ विमाने असलीच पाहिजेत. एका फेरीला जिथे एक विमान पुरे, तिथे चार गुंतू लागली.

गॅरोस यांच्या विमानाचा धडा जर्मन विसरले नव्हते. नवी यंत्रणा शत्रूच्या हाती पडू नये म्हणून सुरुवातीला फोकर विमानांना दोस्तांच्या हद्दीत शिरण्यास मनाई होती. पण ८ एप्रिल १९१६ रोजी वाट चुकलेला एक जर्मन वैमानिक उत्तर फ्रान्समध्ये ब्रिटिशांच्या ताब्यातील भागात उतरला. धडधाकट फोकर विमान हाती येताच ब्रिटिशांनी ते स्वतः उडवून पाहिले. तेव्हा त्याची दहशत त्याच्या क्षमतेपेक्षा मोठी असल्याचे दिसले. तोवर न्यूपोर आणि डीएच-२ ही दोस्तांची नवी विमानेही आघाडीवर आली होती. ते फोकर आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

पकडलेल्या विमानाचे हे मोल पुढेही कायम राहिले. १९४२ मध्ये अलास्काजवळील अकुतान बेटावर अमेरिकेला जपानी ‘झीरो’ विमान जवळपास अखंड सापडले. त्याच वर्षी एक जर्मन वैमानिक दिशा चुकून आपले फोके-वुल्फ १९० घेऊन ब्रिटनच्या तळावर उतरला. दोन्ही विमाने दुरुस्ती, चाचणी आणि अभ्यासासाठी वापरली गेली.

गॅरोस यांचे पुढे काय झाले?

हे सारे घडत असताना गॅरोस जर्मन युद्धकैद्यांच्या छावण्यांत होते. जवळपास तीन वर्षे त्यांना एका छावणीतून दुसऱ्या छावणीत हलवले जात होते. फेब्रुवारी १९१८ मध्ये ते सहकारी वैमानिक आन्सेल्म मार्शल यांच्यासह जर्मन अधिकाऱ्यांच्या वेशात माग्डेबुर्गच्या छावणीतून निसटले आणि हॉलंडमार्गे मायदेशी परतले.

सुरक्षित ठिकाणी सल्लागाराचे काम त्यांना मिळू शकत होते. ते त्यांनी नाकारले. कैदेत त्यांची दृष्टी अधू झाली होती, ते गुपचूप चष्मा वापरत. शिवाय तीन वर्षांत हवाई युद्ध ओळखू न येण्याइतके बदलले होते. त्यांचे जुने विमान ताशी सुमारे १२५ किलोमीटर वेगाने उडे. नवे स्पॅड-१३ ताशी २०० किलोमीटरहून अधिक. त्यावर प्रॉपेलरमधून मारा करणाऱ्या दोन मशीनगन होत्या आणि पाचरींची गरज उरली नव्हती. ज्या लढाईची सुरुवात त्यांनी केली होती, तीच त्यांना नवशिक्यासारखी पुन्हा शिकावी लागली.

२ ऑक्टोबर १९१८ रोजी त्यांनी आपले चौथे विमान पाडले. तीन दिवसांनी, ५ ऑक्टोबरला, ईशान्य फ्रान्समधील वूझिए गावाजवळच्या हवाई चकमकीत ते मारले गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना तीस वर्षे पूर्ण होणार होती. त्यानंतर पाच आठवड्यांनी युद्ध थांबले. त्यांना सर्रास ‘एस’ वैमानिक म्हटले जाते, पण त्या बिरुदासाठी पाच विमाने पाडावी लागत. गॅरोस यांची संख्या चारच राहिली.

मग टेनिस स्टेडियमला त्यांचे नाव का?

१९२७ मध्ये फ्रान्सने अमेरिकेला हरवून डेव्हिस कप जिंकला. पुढच्या वर्षीचा सामना मायदेशी खेळवण्यासाठी पॅरिसला मोठे स्टेडियम हवे होते. ‘स्टाद फ्रान्से’ या क्रीडा क्लबने जागा दिली, पण एका अटीवर : स्टेडियमला गॅरोस यांचे नाव द्यायचे. क्लबचे अध्यक्ष एमिल लेसिएर हे गॅरोस यांचे जुने सहाध्यायी होते. गॅरोस हौसेने टेनिस खेळत, पण त्या खेळात त्यांनी मोठे काही मिळवले नव्हते. मित्राने दहा वर्षांनंतरही त्यांची आठवण ठेवली, म्हणून १९२८ पासून ते नाव तिथे आहे. रियुनियनच्या विमानतळालाही त्यांचेच नाव आहे.