गिरमिटियांचे कैवारी

इ. स. १८६० च्या नोव्हेंबर महिन्यात मद्रासहून निघालेले एक जहाज दक्षिण आफ्रिकेतील नाताळच्या किनाऱ्यास लागले. उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी नेलेले हिंदी मजूर त्यात होते. पाच वर्षे मळेवाल्याची चाकरी करण्याचा जो करार हे मजूर लिहून देत, त्यास ते ‘गिरमिट’ म्हणत. त्यांच्या घामाने नाताळ संपन्न झाला. परंतु मुदत संपल्यावर तेच मजूर तेथे स्वतंत्रपणे नांदू लागताच गोऱ्या वसाहतवाल्यांना ते नकोसे झाले. गिरमिट संपलेल्या मजुराने मायदेशी परतावे, पुन्हा गिरमिट लिहून द्यावे, नाही तर दरसाल ३ पौंड कर भरावा, असा कायदा १८९५ मध्ये झाला. गिरमिटियास पहिल्या वर्षी महिना १० शिलिंग वेतन मिळे. म्हणजे हा कर सहा महिन्यांच्या कमाईएवढा होता. पुढे तो मजुरांच्या वयात आलेल्या मुलामुलींवरही बसला. शेजारच्या ट्रान्सवालची सीमा तर हिंदी माणसास परवान्यावाचून ओलांडता येत नसे.

या दूरच्या बांधवांचे दुःख ज्यांनी आपले मानले, ते नामदार गोपाळ कृष्ण गोखले होत. ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी त्यांचा जन्म झाला. गरिबीत शिकून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि पुढे मध्यवर्ती कायदे कौन्सिलात लोकांची बाजू मांडू लागले. कसून अभ्यास करावा, आकडे पारखून घ्यावेत आणि मगच बोलावे, ही त्यांची रीत होती.

नाताळसाठी मजुरांची भरती बंद करावी, असा ठराव त्यांनी १९१० मध्ये मांडला. तो संमत होऊन पुढील वर्षी ती भरती थांबली. गिरमिटाची पद्धतच नष्ट करावी, हा त्यांचा १९१२ चा ठराव मात्र सरकारी बहुमताने फेटाळला. तरीही गोखले खचले नाहीत.

त्याच वर्षी, मधुमेहाने शरीर पोखरलेले असतानाही, ते दक्षिण आफ्रिकेस गेले. गांधीजी त्यांच्या सेवेस सतत हजर होते. तेथील सभांत कोकणी मुसलमान व महाराष्ट्रीय हिंदू यांच्यापुढे गोखले मराठीतून बोलत आणि गांधीजी त्याचे हिंदुस्थानीत भाषांतर करीत. सीमा सर्वांना मोकळी ठेवा, अशी त्यांची मागणी नव्हती. प्रवेशावर मर्यादा हवी तर असावी. पण कायद्याने वंशावरून कोणास हीन लेखू नये आणि तेथे राहत असलेल्यांस न्यायाने वागवावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. प्रिटोरियात त्यांनी जनरल बोथा व जनरल स्मट्स यांची भेट घेतली. ३ पौंडांचा कर रद्द होणार, अशी खात्री बाळगून ते परतले.

परंतु कर उठला नाही. असे वचन दिलेच नव्हते, असे १९१३ मध्ये स्मट्स म्हणू लागले. हा गोखल्यांच्या शब्दाचाही अवमान होता. खाणींतील मजुरांनी काम सोडले. त्याच वर्षी नोव्हेंबरात गांधीजींच्या नेतृत्वाखाली २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुले यांनी परवान्यावाचून ट्रान्सवालची सीमा ओलांडली. अनेकांना तुरुंगवास घडला. इकडे गोखल्यांनी दुखणे बाजूस सारून मदतनिधी जमविला, लोकमत जागे केले आणि अँड्र्यूज व पिअर्सन या दोघा इंग्रज मित्रांना आफ्रिकेस पाठविले. व्हाइसरॉय हार्डिंज यांनीही मद्रास येथे त्या कायद्यांवर उघड टीका केली.

अखेर १९१४ मध्ये नवा कायदा होऊन ३ पौंडांचा कर रद्द झाला आणि हिंदी रीतीने झालेल्या विवाहांस मान्यता मिळाली. सर्वच अन्याय मिटले नाहीत. सीमेवरचे निर्बंध तसेच राहिले. मात्र मजुरांच्या गळ्याभोवतीचा एक फास सुटला.

या श्रमांची किंमत गोखल्यांच्या देहाने चुकविली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पुण्यास त्यांचे निधन झाले. गिरमिटाची भरती १९१७ मध्ये थांबली. ते पाहण्यास गोखले उरले नव्हते. ज्यांच्यासाठी ते झिजले, त्यांतील बहुतेकांची आणि त्यांची कधी गाठही पडली नव्हती. परमुलुखात राबणाऱ्या अनोळखी मजुराचा मान तो आपलाच मान, असे मानणाऱ्या या पुरुषाचे स्मरण म्हणूनच आदराने केले जाते.