भाकरीची शाळा : कर्मवीर भाऊराव पाटील

शाळेत नाव घातलं म्हणजे पोरगं शिकतंच असं नाही. पोटात काही नसेल तर फळ्यावरची अक्षरं दिसत नाहीत, हे आपल्या वस्तीतल्या आयाबायांना कुणी सांगायला नको. आपल्या महाराष्ट्रात ही गोष्ट ज्यांनी पुरती ओळखली आणि शाळेच्या आधी चूल पेटवली, त्या कर्मवीर भाऊराव पाटलांची ही थोडक्यात कहाणी.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज गावी झाला. घराणं जैन शेतकऱ्याचं, मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा सरकारी नोकरीत. शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला जैन बोर्डिंगात राहिले. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. त्या कार्यक्रमाला भाऊराव गेले. परत आल्यावर बोर्डिंगच्या चालकांनी आधी आंघोळ करा, मगच आत या, असा हट्ट धरला. भाऊरावांनी साफ नकार दिला आणि त्यापायी बोर्डिंग सोडावं लागलं. पुढे छत्रपती शाहू महाराजांचा आसरा मिळाला. जातवार जेवणाच्या पंगती त्यांनी तिथं डोळ्यांनी पाहिल्या, आणि मुलांना एका पंगतीत बसवायचं हे मनात पक्कं झालं असावं.

शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पुरं झालं नाही. पोटासाठी साताऱ्यात शिकवण्या केल्या, मग ओगले यांच्या कंदिलांची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करत गावोगाव हिंडले. या फिरतीत त्यांना खरा महाराष्ट्र दिसला. इस्लामपूरच्या शाळेत ज्ञानदेव घोलप नावाचा महार समाजाचा मुलगा वर्गाबाहेर बसून शिकताना त्यांना आढळला. भाऊरावांनी त्याला सोबत घेतलं आणि कोल्हापूरला शिकायची सोय लावली. हेच घोलप पुढे मुंबई कायदेमंडळाचे सदस्य झाले, आणि बाबासाहेबांच्या 'मूकनायक'चं संपादकपदही त्यांनी सांभाळलं. एका मुलाला दाराच्या आत घेतलं तर काय घडतं, याचा हा दाखला.

१९१९ साली, ४ ऑक्टोबरला, कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्था साताऱ्यात आली आणि तिथं वसतिगृह सुरू झालं. मराठा, महार, मांग, चांभार, मुसलमान, जैन, सगळी पोरं एका छताखाली. एकच चूल, एकच पंगत. त्या काळी हे सोपं नव्हतं. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव देण्यात आलं.

पण नाव दिल्यानं पोतं भरत नाही. रोज इतक्या तोंडांना घालायचं कुठून, हा खरा प्रश्न. इथं लक्ष्मीबाईंचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. त्या भाऊरावांच्या पत्नी. माहेरच्या सोवळ्यात वाढलेल्या बाई, पण हळूहळू सगळ्या जातींच्या पोरांच्या आई झाल्या. स्वतः भाकऱ्या थापल्या, आजारी पोरांचं केलं. घरात दाणा उरला नाही तेव्हा एकेक दागिना मोडला, आणि शेवटी गळ्यातलं मंगळसूत्रही विकलं. १९३० साली त्या गेल्या. मोठ्या इमारतींच्या कोनशिलांवर देणगीदारांची नावं असतात, पण या संस्थेच्या पायात एका बाईचं मंगळसूत्र आहे, हे आपल्या लेकीसुनांना सांगितलं पाहिजे.

धान्यासाठी भाऊरावांनी गावकऱ्यांचीच मदत घेतली. बायांनी दळताना मूठभर धान्य बाजूला काढायचं, ते साठवून वसतिगृहाला द्यायचं. मूठ लहान, पण घरं पुष्कळ. शिवाय पोरं फुकट खात नव्हती. शेतात राबायची, दगड फोडायची, स्वयंपाकाला हात लावायची. कमवा आणि शिका ही पद्धत अशी उभी राहिली. गरिबाच्या पोराला दुसऱ्याच्या उपकाराखाली मान खाली घालावी लागू नये, हा त्यातला अर्थ. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं, १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज. खेड्यापाड्यात शेकडो प्राथमिक शाळा उघडल्या, त्यांना सरकारी अनुदानाचा आधार होता.

आणि इथंच कसोटी आली. १९४८ साली भाऊरावांच्या एका भाषणावरून मुंबई सरकार नाराज झालं आणि अनुदान थांबवलं. पगार अडले, शाळा बंद पडायची पाळी आली. भाऊराव झुकले नाहीत. पुन्हा गावोगाव फिरले, लोकांपुढं झोळी पसरली. ज्यांची पोरं तिथं शिकत होती त्यांनीच संस्था तगवली. लोकांतून आवाज उठला आणि पुढे सरकारला अनुदान सुरू करावं लागलं. पैसा सरकारी तिजोरीतला असला तरी तो आपल्याच घामाचा असतो. तो हक्कानं मागावा, पण त्यासाठी तोंड बांधून घेऊ नये, हा धडा यातून मिळतो.

१९५९ साली सरकारनं पद्मभूषण दिलं, पुणे विद्यापीठानं डी.लिट. दिली, आणि त्याच वर्षी ९ मे रोजी भाऊराव गेले.

१९९५ सालापासून देशभर प्राथमिक शाळांतून दुपारच्या जेवणाची सरकारी योजना चालू झाली. शाळेतल्या खिचडीमागे अशा किती चुलींचा धूर आहे, हे विसरू नका. आपल्या पोरांच्या ताटात काय पडतं, सगळी पोरं एका पंगतीत बसतात का, हे शाळेत जाऊन बघा. शाळेच्या मीटिंगला जा, विचारा. आणि विहाराच्या दानपेटीत टाकतो तशी एक मूठ शिकणाऱ्या पोरासाठीही बाजूला काढा. कर्मवीरांना आणि लक्ष्मीबाईंना तेच खरं अभिवादन होईल.

जयभीम.