सायकलवाले लक्ष्मणराव

आमच्या मंगरूळपीरकडे किर्लोस्कर हे कुणा माणसाचं नाव आहे, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. ते नाव विहिरीवरच्या मोटारपंपावर असतं, धुऱ्यावरच्या जुन्या डिझेल इंजिनावर असतं. म्हणून ते पंपाचं नाव. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे जेम्स वॉट आणि राइट बंधू आम्हाला तोंडपाठ होते. राइट बंधूंनी विमानाआधी सायकलचं दुकान चालवलं, हेही माहीत होतं. ते दुकान त्यांनी अमेरिकेतल्या डेटनला 1892 साली काढलं. पण त्याच्या चार वर्षं आधी, 1888 साली, बेळगावात दोन मराठी भावांनी सायकलचं दुकान काढलं होतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. म्हणून मित्रांनो, हा लेख.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. लहानपणी अभ्यासात मन कमी आणि चित्रात जास्त. थोरल्या भावाने, म्हणजे रामूअण्णांनी, पाठिंबा दिला आणि हा मुलगा मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. पण तिथे दोन वर्षांत कळलं की आपल्याला काही रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलासाठी याहून वाईट बातमी कुठली असणार? आपल्या होस्टेलमध्ये नको ती ब्रांच मिळाली म्हणून सेमिस्टरभर तोंड पाडून बसणारे काही कमी नाहीत. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण पेन्सिल सोडली नाही. ते मेकॅनिकल ड्रॉइंग शिकले. तिथे रंग लागत नाही, नुसती रेघ अचूक लागते.

त्या रेघेवरच त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवायची नोकरी लागली. काम ड्रॉइंग शिकवण्याचं, पण मोकळा वेळ वर्कशॉपमध्ये जायचा. कागदावर काढतो ते मशीन प्रत्यक्षात कसं फिरतं, हे ते तिथे हाताने शिकले. याच काळात मुंबईत सायकल हे नवलाईचं वाहन होतं. त्यांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि रामूअण्णांनी त्या बेळगावात विकायच्या, असा धंदा सुरू झाला. किर्लोस्कर ब्रदर्स या कंपनीची सुरुवात इथूनच धरतात. पुढे नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. हातात पक्की नोकरी असताना, फक्त दुकानाच्या भरवशावर!

त्या काळातली सायकल डोळ्यासमोर आणून बघा. परदेशातून आलेली, महागडी, आणि बिघडली तर दुरुस्त करणारं गावात कुणी नाही. सुरुवातीला तर ब्रेकला केबलही नव्हती. हँडलजवळचा दांडा दाबला की रबराचा तुकडा थेट पुढच्या टायरवर घासायचा. आज आपण वापरतो त्या बाउडन केबलचं पेटंट 1896 चं आहे. मग विकणाऱ्यालाच पाना हातात घ्यावा लागणार. सायकल विकणारा मास्तर अशाने सायकल दुरुस्त करणारा झाला.

हे नुसतं वाचून कळत नाही. मला थोडंसं कळलं ते गेल्या सुट्टीत, घरी. माझ्याकडे दादाची जुनी रोड बाइक आहे. तिचा गिअर अडायला लागला आणि ब्रेकच्या तारेचे धागे सुटायला लागले. गावात गिअरच्या सायकलचं काम होत नाही, अकोल्याला न्या, असं उत्तर मिळालं. शेवटी केबल आणि आउटर मागवले आणि अंगणात सायकल उलटी करून बसले. आईला वाटलं आता हिची सायकल भंगारातच जाते.

काम तसं सरळ आहे. ब्रेकची आतली तार जाड, साधारण दीड मिलिमीटरची. गिअरची सव्वा मिलिमीटरच्या आसपास. खरी गंमत आउटरमध्ये आहे. ब्रेकच्या आउटरमध्ये पोलादी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, ती जोराचा दाब सहन करते. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात, म्हणून ते दाबाने आखडत नाही आणि गिअर नेमका पडतो. पण हे आउटर चुकूनही ब्रेकला लावायचं नाही, जोरात ब्रेक दाबला तर ते फाटू शकतं. जुनी गिअर केबल सोडण्याआधी चेन मागच्या सगळ्यात लहान चक्रावर आणायची, म्हणजे तार सैल पडते. नवं आउटर जुन्याच्या मापाने कापायचं, तोंड चपटं झालं असेल तर कानशीने सपाट करायचं आणि टोपी बसवायची. तार ओढून नट आवळला की ब्रेकचा लिव्हर दहा-वीस वेळा करकचून दाबायचा. आउटर जागेवर बसतं, तार सैल होते, मग परत ओढून आवळायची. हे झाल्याशिवाय रस्त्यावर जायचं नाही. शेवटी तारेच्या टोकाला टोपी, नाहीतर धागे परत सुटतात.

दोन तास लागले. पण तार ओढली जाते तेव्हा आउटर तेवढ्याच जोराने दाबलं जातं, हे मेकॅनिक्सच्या पेपरात लिहिलेलं मला त्या अंगणात पहिल्यांदा बोटांना जाणवलं. लक्ष्मणरावांनी अशी किती यंत्रं उघडली असतील!

कारण सायकलवर ते थांबले नाहीत. बेळगावात त्यांनी कडबा कापायचं यंत्र बनवलं आणि मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर विकायला दोन वर्षं गेली. नांगर तयार, गिऱ्हाईक नाही, तरी माणूस नांगर सुधारत राहिला. आपला एक जॉब वर्कशॉपमध्ये रिजेक्ट झाला की आपण किती वैतागतो!

धंदा जरा बसतोय तोवर बेळगाव नगरपालिकेने जागा सोडायला लावली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर जमीन आणि 10,000 रुपये कर्ज दिलं. जमीन म्हणजे नुसता माळ, निवडुंग आणि साप. 1910 साली तिथे कारखान्यासोबत कामगारांचं गाव उभं राहिलं, ते आजच्या सांगली जिल्ह्यातलं किर्लोस्करवाडी. इंग्लंडमधल्या कारखानदारांनी वसवलेल्या बोर्नव्हिल, पोर्ट सनलाइट अशा गावांबद्दल लक्ष्मणरावांनी वाचलं होतं. आपल्या वसाहतीत त्यांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. त्या काळात हे नांगर विकण्यापेक्षा सोपं नव्हतं.

पुढे तिथे उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, पंप बनले. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला शिकून आला आणि कारभार वाढला. 1946 साली पुण्यात ऑइल इंजिनचा कारखाना निघाला, ज्याची इंजिनं आमच्या तालुक्यातल्या शेतांपर्यंत पोचली. लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी गेले. 1969 साली, जन्मशताब्दीला, सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं. बेळगावात दुकान होतं त्या रस्त्याला आजही किर्लोस्कर रोड म्हणतात.

त्यांच्याकडे आपल्यासारखी इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती. आपल्याकडे ती दोन वर्षांत येईल, कॅम्पसमध्ये नोकरीही लागेल, चांगलंच आहे. पण गावी नळाची मोटार बंद पडली की घरचे आपल्याकडे आशेने बघतात आणि आपण मेकॅनिकला फोन लावतो. हे मला खटकतं. लक्ष्मणरावांना आधी रंगांनी नाही म्हटलं, मग नोकरीने, मग गावाने. प्रत्येक वेळी त्यांच्याजवळ उरलं ते एकच, यंत्र उघडून परत जोडता येणारे हात. ते कुणाला काढून घेता आले नाहीत.

होस्टेलच्या स्टँडमध्ये निम्म्या सायकलींचे ब्रेक लागत नाहीत. माझ्याकडे पाना, पक्कड आणि उरलेलं थोडं आउटर आहे. रविवारी सकाळी स्टँडजवळ बसते. या, पण हात काळे करायची तयारी ठेवून. दुरुस्त तुम्हीच करायची, मी फक्त शेजारी बसून सांगेन.