धंदा बदलण्याची मोकळीक आणि बाबासाहेब

गेवराई (प्रतिनिधी) : दिवाळीच्या आगेमागे गेवराई तालुक्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत दुसरे काम धरणे कठीण. मग मजुरीची घासाघीस तरी कोणत्या बळावर करायची? काम बदलण्याची मुभा आणि मजुरीचा दर यांचे हे नाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार पूर्वी ओळखले होते. घटनेचे शिल्पकार म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्यातील या अर्थतज्ज्ञाकडे मात्र क्वचितच लक्ष जाते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांना हा प्रश्न केवळ पुस्तकातून कळलेला नव्हता. वडील रामजी लष्करात सुभेदार होते. गावकीच्या कामातून सुटण्याची महारांसाठी ती मोठीच वाट होती. १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची भरती थांबवली आणि ती वाट बंद झाली. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या भीमरावांनाही १९१७ मध्ये बडोदा संस्थानची नोकरी सोडावी लागली, कारण शहरात राहायला जागा कोणी देईना! पुढील वर्षी ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात दरमहा ४५० रुपयांवर प्राध्यापक झाले आणि १९२० मध्ये अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले.

बॅरिस्टर होऊन परतल्यावर त्यांना परळ-लालबागच्या गिरण्यांत तेच चित्र दिसले. विणखात्यात मजुरी चांगली होती. पण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागतो, त्याने विटाळ होतो, या सबबीवर अस्पृश्य कामगारांना तेथे मज्जाव होता. त्यामुळे ते कमी मजुरीच्या खात्यांत अडकून पडत. १९२८ च्या गिरणी संपात विणखाते सर्वांना खुले करण्याचा आग्रह बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांकडे धरला. येथे अडसर केवळ मालकांचा नव्हता, शेजारी उभ्या असलेल्या सहकामगारांचाही होता. कामगार चळवळीच्या इतिहासात ही गोष्ट सहसा ओझरतीच येते.

त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. वतनदार महाराने रात्री-अपरात्री सरकारी कामाला धावायचे, घरच्या इतरांनीही राबायचे आणि मोबदल्यात तुटपुंजे वतन व बलुत्याचे धान्य घ्यायचे, अशी ती रीत होती. या वतनाच्या ओढीनेच माणूस गावाला बांधला जातो, हे त्यांचे निदान होते. विधेयक तडीस गेले नाही. १९४१ मध्ये कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदारांच्या परिषदेत ते याच प्रश्नासाठी आले होते.

१९३६ च्या जातिनिर्मूलनावरील ग्रंथात त्यांनी हा विचार नेटका मांडला. जात ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांचीच विभागणी आहे. एका धंद्यात काम आटले तरी दुसऱ्यात जाता येत नाही, म्हणून बेकारी वाढते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. याच काळात, १९४५ मध्ये, युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना नवी कामे मिळावीत म्हणून सेवायोजन कार्यालयांचे जाळे उभे राहू लागले.

१९५० मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालय काढले. निजामी राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मराठवाड्यातील मुलांना त्यामुळे गावकीपलीकडची कामे दिसू लागली. कनिष्ठ ग्राम वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ मध्ये झाला, तेव्हा बाबासाहेबांच्या निधनाला सुमारे दोन वर्षे झाली होती.