वाल्डेमार हाफकिन

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेगने थैमान मांडले. भयभीत लोक घरेदारे टाकून शहराबाहेर पळू लागले. ऑक्टोबरात सरकारच्या बोलावण्यावरून वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ तेथे येऊन दाखल झाले.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा नगरीत एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात मेचनिकॉफ हे त्यांचे गुरू होते. अंगात जंतू शिरले की जी सूज येते, ती नुसती व्याधी नव्हे. रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धावून येतात व जंतूंना गिळून टाकतात, असे मेचनिकॉफ यांनी दाखवून दिले होते. गुरूंच्या मागोमाग हाफकिनही पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. प्रारंभी तेथे त्यांना साहाय्यक ग्रंथपालाचे काम मिळाले. तरीही १८९२ साली त्यांनी पटकीची लस सिद्ध केली व प्रथम स्वतःलाच टोचून घेतली.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली व ओसरी एवढीच त्यांची प्रयोगशाळा. मांसरसावर तुपाचे थेंब सोडून त्यांनी प्लेगचे जंतू वाढविले व उष्णतेने ते मारून लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी तिची मोठी मात्रा त्यांनी आपल्याच शरीरात टोचून घेतली. ताप चढला, टोचलेली जागा ठणकू लागली. पण काही दिवसांत सारे ओसरले. मग भायखळ्याच्या तुरुंगातील कैदी लस घेण्यास पुढे आले.

सूज कशी येते, याचा उलगडा पुढे विसाव्या शतकात झाला. शरीरातील मास्ट पेशी हिस्टामीन नावाचे द्रव्य सोडतात. कुलपात किल्ली बसावी तसे ते इतर पेशींवरील ग्राहींत बसते. त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, पाझरू लागतात व पांढऱ्या पेशींना बाहेर पडण्यास वाट मिळते. त्या पेशींवरही हे ग्राही असतात. एक प्रकार त्यांना सुजेकडे ओढतो, तर दुसरा त्यांचा आवेश आवरतो. हा आवर नसता, तर रक्षकांनीच घर उद्ध्वस्त केले असते!

१९०२ साली पंजाबातील मलकोवाल गावी लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिन यांच्या माथी आला व त्यांना काम सोडावे लागले. बाटली उघडताना झालेल्या हयगयीने जंतू शिरले असावेत, असे पुढे दिसून आले आणि १९०७ साली ते निर्दोष ठरले. न्याय मिळाला, पण फार उशिरा.

परळच्या प्रयोगशाळेस १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे देहावसान झाले.