परांड्याचा मलिक अंबर

मुलांनो, आपल्या धाराशिव जिल्ह्यातील परांड्याचा किल्ला तुम्ही पाहिला आहे का? खोल खंदकाचा हा भुईकोट एके काळी निजामशाहीची राजधानी होता. ती तेथे आणली एका गुलामाने.

मलिक अंबर सुमारे १५४८ साली इथिओपियात जन्मला. लहानपणीच तो विकला गेला. बगदादच्या एका मालकाने त्याला लिहायला-वाचायला शिकवले. पुढे समुद्र ओलांडून तो दख्खनला आला. निजामशाहीचा वजीर चंगेजखान याने त्याला विकत घेतले. गंमत पाहा, हा वजीरही पूर्वी हबशी गुलामच होता!

१६०० साली मोगलांनी अहमदनगर जिंकले. सुलतान कैदेत पडला. राज्य बुडाले, असेच सर्वांना वाटले. अंबरला मात्र तसे वाटले नाही. त्याने राजघराण्यातील मुर्तझाला शोधून आणले, आपली मुलगी त्याला दिली आणि परांड्यात त्याला गादीवर बसवले. मोगलांची फौज अफाट होती. मग अंबरने मराठा घोडेस्वार जमवले. अचानक छापा घालायचा, रसद तोडायची आणि पसार व्हायचे! जहांगीर बादशहा इतका चिडला, की अंबरच्या शिरावर आपण बाण मारत आहोत असे चित्रच त्याने काढवून घेतले. प्रत्यक्षात अंबर कधीच हाती लागला नाही. १६२६ साली तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे.