मास्तरकी सोडली आणि नांगर केला

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोणी कर्नाटकात जातं, कोणी सांगली-कोल्हापूरकडं. ज्यांचा मुक्काम पलूस-कुंडल भागात पडला असेल, त्यांनी पुणे-मिरज लोहमार्गावरचं एक स्टेशन पाहिलं असेल. किर्लोस्करवाडी. या स्टेशनाचं जुनं नाव कुंडल रोड. ज्या माणसामुळं ते नाव बदललं तो माणूस मुळात मुंबईत यांत्रिक आरेखन शिकवणारा मास्तर होता. चांगली पगाराची नोकरी त्यानं सोडली, ती कधी आणि कशी सोडली, हे आज सांगायचं आहे. आपल्याकडं घरोघर हाच प्रश्न आहे. कुणाचा मुलगा चाकणला ठेकेदाराकडं कामाला आहे आणि त्याला गावी येऊन दुकान टाकायचंय. कुणी विनाअनुदानित शाळेवर वर्षानुवर्षं राबतोय. राजीनामा द्यावा का, आणि द्यायचा तर कधी?

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव भागातल्या गुर्लहोसूर गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलानंही शास्त्र-पोथीकडं वळावं असं कोणत्याही बापाला वाटलं असतं. लक्ष्मणरावांचं मात्र शाळेत लक्ष नव्हतं. हात कायम काहीतरी जोडण्यात, उघडण्यात, नाहीतर चित्र काढण्यात. थोरले भाऊ रामुअण्णा यांनी ते ओळखलं आणि घरच्यांचं मन वळवून 1885 मध्ये त्यांना मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडलं. वय सोळा.

तिथं पहिली ठेच लागली. काही रंग त्यांना नीट ओळखूच येत नव्हते. दृष्टीतलाच दोष, औषध नाही. चित्रकार व्हायचं स्वप्न तिथंच संपलं. आपण असतो तर गावाकडची गाडी धरली असती. लक्ष्मणरावांनी रंग सोडले पण रेघ सोडली नाही. यंत्रांचे नकाशे काढायला रंग लागत नाहीत. ते यांत्रिक आरेखनाकडं वळले आणि त्यातच मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची जागा मिळाली. त्या काळी गावाकडच्या पोराला मुंबईत अशी जागा म्हणजे सात पिढ्यांचं भाग्य.

आता इथं जरा थांबा, कारण खरी गोष्ट इथंच आहे. लोक सांगतात ती कथा अशी की बढती डावलली, स्वाभिमान दुखावला, ताडकन राजीनामा दिला आणि कारखानदार झाले. ऐकायला गोड, पण अर्धीच. राजीनामा 1897 चा. किर्लोस्कर बंधूंच्या धंद्याची सुरुवात धरतात ती 1888 पासून. मधली नऊ वर्षं हा माणूस काय करत होता?

नोकरी करत होता आणि धंदाही करत होता. मुंबईत एका पारशी गृहस्थाला त्यांनी दुचाकीवर बसून जाताना पाहिलं. सायकल ही तेव्हा नवलाची वस्तू. लक्ष्मणरावांनी सायकली मिळवून बेळगावला रामुअण्णांकडं पाठवायला सुरुवात केली. एका सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये, म्हणजे गिऱ्हाईक संस्थानिक, वकील, डॉक्टर असंच. रामुअण्णा सायकल विकत आणि चालवायलाही शिकवत, त्याची फी पंधरा रुपये. दुरुस्तीचं दुकान निघालं. एक भाऊ मुंबईत पगार घेतोय, माल बघतोय, यंत्रं समजून घेतोय. दुसरा बेळगावात दुकान सांभाळतोय. नोकरीचा पगार हा त्यांच्या धंद्याचा बांध होता. पाणी साठेपर्यंत बांध फोडायचा नसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मग बढतीची वेळ आली. जागा लक्ष्मणरावांच्या हक्काची होती, पण ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. काम कोणाचं चांगलं हा प्रश्नच नव्हता, कातडीचा रंग पाहिला गेला. राग आला असणारच. पण रागानं फक्त तारीख ठरवली, तयारी नऊ वर्षांची होती, असं माझं मत आहे. ज्याच्या हातात दुसरं काम नाही अशा माणसाला तसाच अपमान गिळून पुढच्या महिन्याच्या पगाराला रांगेत उभं राहावं लागतं. लक्ष्मणरावांना तसं करावं लागलं नाही, कारण बेळगावात दुकानाचं दार उघडं होतं. वय अठ्ठावीस.

आणखी एक गोष्ट विसरू नका. पाठीशी रामुअण्णा होते. नोकरी सोडणाऱ्याच्या नावाचा बोलबाला होतो, दुकान धरून बसलेल्या भावाचा होत नाही. ज्याच्या घरात रामुअण्णा नाही त्यानं ही कथा ऐकताना चार पावलं मागं राहूनच हिशेब करावा.

बेळगावात आल्यावर सगळं सुरळीत झालं असं समजू नका. सायकलींत पुढं स्पर्धा वाढली. लक्ष्मणरावांचं लक्ष आपल्यासारख्या शेतकऱ्याच्या औजारांकडं गेलं. आधी कडबा कापायचं यंत्र केलं. कडबा अख्खा टाकला की जनावर पानं खातं आणि धांडे तुडवून वाया घालवतं, हे तुमच्या गोठ्यात रोज दिसतं. कापून टाकला की वैरण पुरते. त्यानंतर लोखंडी नांगर.

त्या वेळचा आपला नांगर लाकडी. जड काळ्या रानात त्याला सहा-सहा, आठ-आठ बैल लागत आणि तरी तो माती उकरायचा, पालथी घालायचा नाही. कुंद्याच्या, हरळीच्या मुळ्या खालीच राहत. विलायती लोखंडी नांगर मातीची ढेकळं उलटी टाकतो हे लक्ष्मणरावांनी पाहिलं आणि तसा नांगर इथंच घडवला. चाळीस नांगर तयार झाले. आणि पडून राहिले! लोखंडानं जमीन विषारी होते असा समज होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली.

दोन वर्षं. विचार करा. सरकारमान्य नोकरी सोडून आलेला माणूस, दारात चाळीस नांगर गंजतायत, आणि ज्याच्यासाठी केले तो शेतकरीच हात लावायला तयार नाही. येणारा-जाणारा काय म्हणत असेल ते आपल्या पारावर रोज ऐकायला मिळतं. शेतकऱ्यालाही मी दोष देणार नाही. ज्याचं पोट एका पिकावर आहे तो नव्या औजाराला आधी शेजाऱ्याच्या रानात बघतो, मग घरी आणतो. संकरित बियाण्याच्या वेळी आपणही तेच केलं. एकानं घेतला, त्याच्या रानात फरक दिसला, मग दुसऱ्यानं घेतला. नांगर असाच पसरला, भाषणांनी नाही.

धंदा जरा मूळ धरतोय तोवर बेळगावच्या नगरपालिकेनं जागा खाली करायला लावली. तिथं वस्ती वाढवायची होती. उभी केलेली शेड, भट्टी, सगळं उचला. चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा शून्य. खरं म्हणजे नोकरी सोडण्याची किंमत राजीनाम्याच्या दिवशी कळत नाही, ती अशा वेळी कळते. पगारदार माणसाची बदली झाली तर साहेब दुसरीकडं खुर्ची देतो. धंदेवाल्याला खुर्ची स्वतःलाच शोधावी लागते.

इथं औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. लक्ष्मणरावांचं काम त्यांनी जवळून पाहिलेलं होतं, कारण औंधला एक मोठा मंडप उभारायचं काम लक्ष्मणरावांकडंच होतं. राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर जागा देऊ केली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. जागा कसली, माळरान. निवडुंग आणि साप. पाऊस बेताचा, आष्टी-पाटोद्याच्या माणसाला ते रान अनोळखी वाटलं नसतं. पण रेल्वे जवळ होती. लोखंड-कोळसा आत यायला आणि नांगर बाहेर जायला तेच हवं होतं. 10 मार्च 1910 रोजी किर्लोस्करवाडी सुरू झाली.

तिथं जमलेली माणसंही बघण्यासारखी. शंभूराव जांभेकर शिक्षण अर्धवट टाकून आलेले, ते इंजिनिअर झाले. अनंतराव फळणीकर शाळेच्या पुढं गेले नव्हते, त्यांनी यंत्रांत डोकं चालवलं. मंगेशराव रेगे कारकून म्हणून हिशेबाला बसले आणि हिशेबाचे मुख्य झाले. राखणीला ठेवले ते दरोड्यात तुरुंग भोगून आलेले दोघे, आणि ते विश्वासाला उतरले. शाळेत डोकं न चाललेल्या मुलाला कुठं बसवायचं हे लक्ष्मणरावांना कळत होतं, कारण ते स्वतः तसेच होते. वस्तीची आखणी, रस्ते, घरं, पाणी हे रामुअण्णांनी पाहिलं.

पहिल्या महायुद्धात बाहेरचं लोखंड यायचं बंद झालं. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा कारखान्याला दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. गडावरच्या तोफांचं लोखंड शेतकऱ्याच्या काकरीत उतरलं, याच्याहून चांगला उपयोग तोफेचा कोणता?

पुढं उसाचे चरक आले, भुईमुगाच्या शेंगा फोडायचं यंत्र आलं, हातपंप आले. 1920 मध्ये पुतणे शंकरराव यांनी कारखान्याचं मासिक काढलं, तेच पुढं महाराष्ट्रभर वाचलं गेलं. मुलगा शंतनुराव अमेरिकेत यंत्रशास्त्र शिकून आला आणि त्यानं कारभार कितीतरी वाढवला. तो भाग तुम्हाला ठाऊक आहे; पंपावर, इंजिनावर ते नाव तुम्ही वाचलेलं आहे.

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी पुण्यात वारले. वय सत्त्याऐंशी. 1969 मध्ये जन्मशताब्दीला भारत सरकारनं त्यांचं टपाल तिकीट काढलं.

ज्या तरुणांच्या मनात सध्या राजीनाम्याचा विचार घोळतोय, त्यांनी 1897 सालापेक्षा त्याच्या आधीची नऊ वर्षं बघावीत, आणि नंतरची पडून राहिलेल्या चाळीस नांगरांची दोन वर्षंही. घरात दोन वर्षं पुरेल एवढी ज्वारी आणि एक रामुअण्णा आहे का, हे आधी घरच्यांना विचारावं. या हंगामात टोळीबरोबर पलूसकडं जाणाऱ्यांनी वेळ मिळाला तर किर्लोस्करवाडी स्टेशनवर उतरून बघावं. आजही तिथं कारखाना चालू आहे.